अंधाराच्या तीन रात्री

शिरूर म्हटले की पुण्याकडच्या माणसाला घोडनदीचे शिरूर आठवते आणि लातूरकडच्याला शिरूर अनंतपाळ. मी सांगणार आहे ते बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारचे. सिंदफणा नदीकाठचे हे आमचे तालुक्याचे गाव. पाऊस बेताचा, ऊन भरपूर. दिवाळीच्या सुमारास इथली कितीतरी घरे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. ती परतली, दारांची कुलपे निघाली, की मग वळवाच्या पावसाची वाट पाहायची. वळीव यावा असे सगळ्यांनाच वाटते. तो कसा येईल, हे मात्र कोणाच्या हाती नसते.

काही वर्षांपूर्वी मेच्या शेवटच्या आठवड्यात तो आला. दुपारभर झाडाचे पान हलत नव्हते. पाचच्या सुमारास मावळतीचे आभाळ काळेनिळे झाले, आधी धूळ आली, मागोमाग वारा. वीस-पंचवीस मिनिटांचाच खेळ. पण तेवढ्यात समोरच्या घरावरचे पत्रे कागदासारखे उडाले, कोपऱ्यावरच्या कडुनिंबाची मोठी फांदी तारांवर पडली आणि लाईट गेली. लाईट जाणे आम्हाला नवे नाही. भारनियमनाच्या काळात आम्ही बारा-बारा तास काढलेले आहेत. पण भारनियमनाला वेळापत्रक असते, वादळाला नसते. त्या दिवशी गेलेली लाईट तिसऱ्या रात्री आली.

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवून निवृत्त झाले. त्यामुळे हे असे का होते, ते आधी थोडक्यात सांगते. मे महिन्यात जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर चढते. समुद्राकडून आलेली दमट हवा तिला मिळाली की दहा-बारा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. त्या ढगातून पाऊस आणि गारा खाली येऊ लागतात तेव्हा वाटेतल्या कोरड्या हवेत त्यातले काही पाणी उडून जाते. पाणी उडताना उष्णता घेते, म्हणून ती हवा थंड आणि जड होते, खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पावसाच्या आधी अंगावर येणारा तो गार वारा म्हणजे हीच हवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून एरवी वर्षानुवर्षे उभे असलेले सिमेंटचे पोल अशा वीस मिनिटांत आडवे होतात. एक पडला की तारेच्या ओढीने शेजारचे दोन-तीन घेऊन पडतो.

आणि दुरुस्ती नेहमी वरून खाली येते. आधी मोठ्या वाहिन्या, मग गावाचे सबस्टेशन, मग अकरा हजार व्होल्टची लाईन, मग आपण ज्याला डीपी म्हणतो तो ट्रान्सफॉर्मर, आणि सगळ्यात शेवटी आपली गल्ली. वरची लाईन शेतातून गेलेली असते. वळवाने काळी माती भिजली की तिथे पोल घेऊन ट्रॅक्टरसुद्धा जाऊ शकत नाही. म्हणून "आमच्या गल्लीत तर एकच तार तुटली आहे, मग तीन दिवस कशाला?" हा प्रश्न बरोबर वाटला तरी त्याचे उत्तर गल्लीत नसते, चार कोसांवरच्या शेतात असते. १९१२ या क्रमांकावर तक्रार जरूर नोंदवावी, कुठे तार पडली आहे तेही सांगावे. वीज किती वेळात परत द्यायची याच्या मुदती नियमांनी ठरलेल्या आहेत, पण वादळासारख्या आपत्तीत त्या सैल होतात.

घरात आम्ही पाच माणसे होतो. हे, मी, ऐंशी ओलांडलेल्या आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सून आणि दोन वर्षांची नात. मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला. पहिल्या संध्याकाळी आम्ही निर्धास्त होतो, कारण घरात इन्व्हर्टर होता. तीन खोल्यांतले पंखे चालू, दिवे चालू, टीव्हीवर मालिका चालू. रात्री साडेनऊला इन्व्हर्टरने शिटी वाजवली आणि सगळे थंड झाले.

हिशेब मला येत होता, पण तो मी केला नव्हता. १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट वीज. प्रत्यक्षात हाती येते सव्वा युनिटच्या आसपास. साधा पंखा ७५ वॅटचा. तीन पंखे, टीव्ही, दिवे मिळून साडेतीनशे वॅट धरले तर ही वीज साडेतीन तासांत संपते. तीच वीज ३० वॅटचा एक नवा पंखा आणि ९ वॅटचा एक दिवा यांवर खर्च केली असती, तर तीस तास पुरली असती. म्हणजे एक आजारी माणूस किंवा एक लहान मूल दोन रात्री वाऱ्यात झोपले असते. पाच वाजता लाईट जाते तेव्हा ती सातला येणार असेच मनाने धरलेले असते. वादळ झाले असेल तर ती परवा येणार असे धरून चालावे. लवकर आली तर नुकसान काहीच नाही.

सकाळी उठल्यावर कळले की दिव्यावाचून आमचे काहीच अडलेले नव्हते. अडले होते पाण्यावाचून. बोअरमध्ये पाणी होते, पण मोटार चालणार कशी? नळाचे पाणी यायला तिकडेही पंप लागतो. छतावरची टाकी अर्धी होती, ती दुपारी संपली. आमच्याच जिल्ह्यात परळीला १९७१ पासून औष्णिक वीज केंद्र आहे. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून ते बंद ठेवावे लागले होते. पाण्यावाचून वीज नाही आणि विजेवाचून पाणी नाही, हे बीडकरांना कोणी शिकवायला नको. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा कोकणातल्या कित्येक गावांत आठवडे-आठवडे वीज नव्हती. विहिरी भरलेल्या असूनही तिथल्या लोकांचे पहिले हाल झाले ते पाण्याचेच, कारण पाणी वर काढायची सवय मोटारीला होती, हाताला नव्हती.

आम्हाला तारले ते जुन्या हापशाने. कित्येक वर्षे त्याच्याकडे कोणी फिरकले नव्हते. त्या दिवशी पहाटे पाचपासून तिथे घागरींची रांग लागली. देशभर पोचलेला 'इंडिया मार्क दोन' हा हापसा ज्यावरून घडला, तो सोलापूर पंप आपल्याच मुलखातला. त्याचे वॉशर वर्षातून एकदा बदलले, तर तो अशा वेळी पांग फेडतो. आपत्तीत मदत करणाऱ्या संस्था पिणे, स्वयंपाक आणि स्वच्छता मिळून माणशी रोज किमान १५ लिटर पाणी धरतात. पाच माणसांना तीन दिवसांचे झाले सव्वादोनशे लिटर, म्हणजे एक मोठा ड्रम आणि वर एक-दोन घागरी. आणि गंमत पाहा. पाचशे चौरस फुटांच्या छतावर वीस मिलिमीटर पाऊस पडला तर नऊशे लिटर पाणी होते. आदल्या संध्याकाळी ते आमच्याच पन्हाळीतून गटारात गेले होते. त्यानंतर आम्ही उन्हाळा लागला की पन्हाळीखाली ड्रम ठेवतो. ते पाणी पिण्याला नव्हे, धुण्या-सांडण्याला. वादळानंतर हापशाचे आणि विहिरीचे पाणीही उकळूनच प्यावे.

दुसरी काळजी आत्याबाईंच्या इन्सुलिनची. बंद फ्रीज दार न उघडता ठेवला तर चारेक तास गार राहतो. सकाळपर्यंत तो कपाटासारखाच झाला होता. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. वापरात काढलेली बाटली साधारण महिनाभर बाहेर चालते, पण बाहेर म्हणजे पंचवीस-तीस अंशांत, आमच्या चाळीस अंशांत नव्हे. औषधाच्या दुकानातला फ्रीजही बंदच होता. तेव्हा मी शाळेत मुलांना करून दाखवायचे तेच केले. एक मोठे मडके घेतले, त्यात ओली वाळू भरली, वाळूत लहान मडके बसवले, इन्सुलिन प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून लहान मडक्यात ठेवले, वर ओले फडके झाकले आणि ते सारे सावलीत, वारा लागेल असे ठेवले. वाळू दिवसातून तीनदा भिजवायची. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता सोबत घेऊन जाते. ज्या गुणाने आदल्या दिवशी पोल पाडले, त्याच गुणाने आत्याबाईंचे औषध राखले. हवा दमट असेल तर मात्र मडक्याचा गारवा कमी पडतो, हे लक्षात ठेवायला हवे. दोन सूचना आणखी करते. इन्सुलिन थेट बर्फावर ठेवू नये, गोठले की ते निकामी होते. आणि लाईट आल्यावर औषधात गुठळ्या किंवा वेगळा रंग दिसला, तर मनाने वापरू नये, डॉक्टरांना विचारावे.

तिसरी अडचण कोणाच्याही ध्यानात आली नव्हती. दुसऱ्या दिवशी सुनेने डबा उघडला तर ज्वारीचे पीठ एका वेळेपुरते. गिरणी बंद! ज्वारीचे पोते घरात आणि भाकरी नाही. आत्याबाई बाजेवरून म्हणाल्या, "अगं, जातं हाये की दारात." होते खरे. तुळशीपाशी पायरीसारखे पडलेले होते. ते धुऊन पुसून मांडले. मला दळता येईना, सुनेला येईना. शेवटी आत्याबाईच बसल्या, अर्धा तास. पीठ जाडसर निघाले, पण संध्याकाळी भाकरी झाली आणि उरलेल्या भरडीच्या कण्या. फ्रीजमधले दूध सकाळीच उकळून विरजण लावले होते. भाजी रोज ताजी आणि एका वेळेपुरतीच केली, कारण अशा उन्हाळ्यात शिजलेले अन्न तास-दोन तासांपलीकडे ठेवणे धोक्याचे. बाकी शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, लोणचे, खारवलेल्या मिरच्या होत्याच. आमच्या जुन्या माणसांच्या फडताळात फ्रीज लागणारी वस्तू जवळपास नव्हतीच. ते गरिबीमुळे असेल, पण त्यात शहाणपणही होते.

फोनचे म्हणाल, तर टॉवरलाही वीज लागते. त्याच्या बॅटऱ्या काही तास टिकतात, मग डिझेल. दुसऱ्या दुपारी रेंज गेली. तिकडे पुण्यात मुलगा हवालदिल. तो इथल्या मित्रांना फोन लावत राहिला, पण तेही सगळे अंधारातच. शेवटी बीडला निघालेल्या एका ओळखीच्या माणसाबरोबर आम्ही "सगळे सुखरूप" एवढा निरोप दिला. खरे तर पहिल्या तासातच, रेंज असताना, दोन ओळींचा संदेश पाठवून फोन बंद करून ठेवायचा. रात्री टॉर्च म्हणून फोन जाळायचा नाही. दोन सेलवर चालणारा एक छोटा रेडिओ घरात असावा. हे मी रेडिओवरून बोलते आहे म्हणून नव्हे. त्या तीन दिवसांत हवामानाचा अंदाज आमच्या गल्लीला त्याच्यावरूनच कळला. उकाड्याला उपाय जुनाच. अंगणात बाजा, मच्छरदाण्या, नातीला ओल्या फडक्याने पुसणे. तान्ही मुले आणि म्हातारी माणसे तहान लागली हे सांगत नाहीत, त्यांना मागितल्याशिवाय पाणी द्यावे. जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण तोंडपाठ असावे.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे सांगते आहे, ती सांगते.

तिसऱ्या संध्याकाळी माझा पुतण्या आला. त्याचा मंडपाचा व्यवसाय आहे, लग्नसराई संपत आलेली, जनरेटर रिकामा होता. "काकू, आजीचे किती हाल होत असतील," म्हणाला आणि जनरेटर टेम्पोतून उतरवला. दोन्ही टोकांना पिन असलेली एक वायर त्याने काढली. एक टोक जनरेटरला, दुसरे आमच्या घरातल्या प्लगमध्ये. सगळ्या घराला वीज द्यायची ही त्यांची नेहमीची युक्ती. मी तिथेच उभी होते. तीस वर्षे वीज शिकवलेली बाई. माझ्या मनात तेव्हा फक्त पंखा होता. मेन स्विच बंद करायला हवा, हे ना त्याला सुचले ना मला.

जनरेटर सुरू झाला, पंखा फिरला, आत्याबाईंनी हात जोडले. आणि त्याच क्षणी समोरच्या घरातला दिवा मिणमिणला. मग त्याच्या शेजारचा. गल्लीतली पोरे ओरडली, "आली! लाईट आली!" सगळी गल्ली हसत होती आणि माझ्या पोटात गोळा आला. आमच्या घरातली वीज सर्व्हिस वायरमधून उलटी बाहेर, पोलवर गेली होती. आणि कोपऱ्याच्या पोलला शिडी लावून वायरमन वर निघाला होता.

मी धावत जाऊन बटण बंद केले. तोपर्यंत त्यानेही दिवे पाहिले होते. शिडीवरून उतरून तो आमच्या दारात आला. माझाच जुना विद्यार्थी. दोन दिवस झोपलेला दिसत नव्हता. तो माझ्यावर ओरडला असता तर बरे झाले असते. तो एवढेच म्हणाला, "बाई, तार हातात घेणारच होतो. तुम्हीच शिकवलं होतं की, ट्रान्सफॉर्मर दोन्हीकडून चालतो." मी त्याला पाणी दिले. तांब्या माझ्या हातात थरथरत होता. पाणी पिऊन तो पुन्हा पोलवर गेला. या वेळी चढण्याआधी त्याने गल्लीतल्या घराघरात जाऊन विचारले, "कोण जनरेटर लावायलंय का?"

ट्रान्सफॉर्मर दोन्हीकडून चालतो म्हणजे काय? डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर अकरा हजार व्होल्ट घेतो आणि घरासाठी २३० व्होल्ट देतो. त्यात हलणारा भाग नसतो. तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारेची दोन वेटोळी असतात, एकात वेढे जास्त, दुसऱ्यात कमी. आपण कमी वेढ्यांच्या बाजूने २३० व्होल्ट सोडले, तर दुसऱ्या बाजूने हजारो व्होल्ट बाहेर पडतात. म्हणजे घरातला जनरेटर दोन मैलांवर शेतात पडलेली, "मेलेली" समजली जाणारी तार जिवंत करू शकतो. ओझ्याने जनरेटर बंद पडतो हे खरे, पण त्याआधीचा क्षणही पुरेसा असतो. ९ वॅटचा दिवा सुमारे ४० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. एवढासा प्रवाह छातीतून गेला तरी माणसाच्या जिवावर बेतू शकते.

म्हणून जनरेटर लावायचाच असेल तर चेंजओव्हर स्विच बसवून घ्यावा. तो घराला एका वेळी एकाच बाजूला जोडतो, एक तर बाहेरच्या लाईनला किंवा जनरेटरला. तो नसेल तर पंखा आणि दिवा सरळ जनरेटरच्या प्लगवर लावावा, घरच्या वायरिंगला हात लावू नये. दोन्हीकडे पिन असलेली वायर तर घरात ठेवूच नये. जनरेटर उघड्यावर चालवावा, त्याचा धूर बंद खोलीत जीव घेतो. आणि रस्त्यात पडलेली तार मेलेली आहे असे कधीही धरू नये. तिच्यापासून निदान तीस फूट लांब राहावे. ओल्या जमिनीतही वीज पसरलेली असते, म्हणून अशा ठिकाणी सापडलात तर ढांगा टाकू नका, पाय जमिनीला घासत छोट्या पावलांनी मागे या. जनावरांना त्या वाटेने सोडू नका.

त्या रात्री अडीचला लाईट आली. तेव्हाही एक काळजी घ्यायची असते. वादळात न्यूट्रलची तार तुटलेली राहिली, तर घरात २३० ऐवजी चारशेपर्यंत व्होल्ट येऊ शकतात. म्हणून लाईट गेल्याबरोबर फ्रीज, टीव्ही, मोटार यांच्या पिना काढून ठेवाव्यात आणि एकच दिवा चालू ठेवावा. तो आला, दहा मिनिटे नेहमीसारखा जळला, की मग एकेक वस्तू लावावी. दिवा भगभगीत दिसला तर लगेच मेन स्विच बंद.

आज आमच्या घरी चेंजओव्हर स्विच आहे, पाण्याचा ड्रम आहे, माळ्यावर दोन मडकी आहेत, पाच किलो पीठ नेहमी जास्तीचे असते. जाते अजूनही तुळशीपाशी आहे, पण आता त्यावर कोणी पाय देत नाही. यातली एकही वस्तू महाग नाही. फक्त ती वीज असताना जमवावी लागते. लाईट गेल्यावर आपल्याला वाटते की दिवा ही पहिली गरज. तीन रात्रींनी मला शिकवले की आधी पाणी, मग औषध, मग पीठ, आणि दिवा सगळ्यात शेवटी. तो कोणीतरी अंधारात, पोलवर चढून आणत असतो. तो सुखरूप खाली उतरेपर्यंत अंधारात बसायची तयारी आपण ठेवली पाहिजे.